प्रकाश दिसतोय, पण तो कॅल्शियमचा आहे का? जिवंत उंदरातील जीवदीप्ती चित्रणात वारंवार येणारी अडचण

या चित्रणात कॅल्शियम वाढले की जास्त चमकणारे प्रथिन (सेन्सर किंवा रिपोर्टर) विषाणूमार्फत पेशींत घातले जाते, आणि ते चमकावे म्हणून सब्स्ट्रेट हे त्याचे इंधन-रसायन प्राण्याला टोचले जाते. अडचण साधारण अशी दिसते. सब्स्ट्रेट टोचल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत कॅमेऱ्यावर भरपूर उजेड येतो. पाचव्या मिनिटाला उंदराच्या मिशांना स्पर्श केला की आलेखात उंचवटा उठतो. पंधराव्या मिनिटाला तोच स्पर्श दिला तर रेषा सपाट राहते. दुसऱ्या दिवशी तोच उंदीर आणि तीच मात्रा असूनही उंचवट्याच्या जागी खड्डा दिसतो. अशा वेळी पहिला संशय प्रथिनावर जातो आणि विषाणूची नवी खेप मागवली जाते. बहुतेक वेळा प्रथिनाचा यात काहीच दोष नसतो.

जीकॅम्पसारख्या प्रतिदीप्त प्रथिनांची सवय असलेल्यांची इथे फसगत होते. तिथे दिवा बाहेर असतो आणि त्याची तीव्रता आपल्या हातात असते. इथे दिवा प्राण्याच्या आत आहे आणि त्याचे इंधन रक्तातून येते, संपते, वाटेत बिघडतेही. कॅमेऱ्यापर्यंत पोचणारा प्रकाश हा अनेक गोष्टींचा गुणाकार असतो: पेशीत प्रथिन किती, त्या क्षणी सब्स्ट्रेट किती, ऑक्सिजन किती, कॅल्शियम किती, आणि वरच्या रक्ताने व ऊतीने त्यातला किती प्रकाश गिळला. आपल्याला यातली फक्त एक संख्या हवी असते. बाकीच्यांपैकी कोणतीही हलली तरी रेषा हलते, आणि स्पर्शासारखी उत्तेजना दिल्यावर यातल्या दोन-तीन संख्या खरोखरच हलतात. म्हणून खालची तपासणी दिलेल्याच क्रमाने करा. मधली पायरी गाळली तर पुढच्या पायरीचा निकाल वाचता येत नाही.

आधी पेटी रिकामी ठेवून मोजा

कॅमेरा ईएमसीसीडी (प्रत्येक इलेक्ट्रॉन गुणून अतिमंद प्रकाश टिपणारा) असेल तर तो उणे ७० ते उणे ८० अंश सेल्सिअसपर्यंत थंड होऊन तापमान स्थिर झाल्यावर निदान अर्धा तास थांबा. मग पेटी बंद करून, प्रयोगात वापरणार तोच गेन (संकेत किती पट वाढवायचा), तेच बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणे) आणि तोच एक्स्पोजर ठेवून ५०० फ्रेम घ्या. नंतर भुलीचा नळ, गरम गादी, तापमापक, डोके धरण्याची चौकट हे सगळे आत ठेवून परत ५०० घ्या. दोन्हींची सरासरी एकच यायला हवी. तशी आली नाही तर एकेक वस्तू बाहेर काढत जा. गुन्हेगार बहुधा तापमापकावरचा बारीक हिरवा दिवा, पंपाचा पडदा किंवा पांढरा प्लास्टिकचा तुकडा असतो.

प्लास्टिक, कागद, चिकटपट्टी आणि दातांचे पांढरे सिमेंट खोलीतल्या उजेडात काही काळ राहिले की अंधारातही मिनिटेच्या मिनिटे मंद चमकत राहतात. डोक्यावरची पट्टी बसवताना सिमेंटमध्ये कार्बनची काळी पूड मिसळली तर हा त्रास जातो, शिवाय बाजूने शिरणारा प्रकाशही अडतो. प्राणी पेटीत ठेवल्यावर सब्स्ट्रेट देण्याआधी १५ ते २० मिनिटे पूर्ण अंधार ठेवा. तयारी मंद लाल दिव्यात करा. पेटीला गळती आहे का हे बघायला आत रेकॉर्डिंग चालू ठेवून बाहेरून टॉर्च प्रत्येक सांध्यावरून हळू फिरवा. केबलच्या भोकातून सरळ रेषेत प्रकाश आत येतो, म्हणून तिथे केबल दोनदा वळवून आत घ्यावी.

शेवटी प्राणी आत, सब्स्ट्रेट नाही, अशा स्थितीत पाच मिनिटे मोजा आणि उत्तेजनाही द्या. या टप्प्यावर उत्तेजनेबरोबर काहीही हलले तर ते कॅल्शियम असूच शकत नाही. डोळ्यांना प्रकाश दाखवणारे प्रयोग इथेच उघडे पडतात. तसा प्रयोग करायचाच असेल तर दिव्याचा स्पंद कॅमेरा फ्रेम वाचत असतानाच्या रिकाम्या वेळेत बसवावा लागतो आणि सेन्सरसमोर शटर लागते. मिशांवर हवेचा झोत हा त्या मानाने सोपा मार्ग आहे.

पंधराव्या मिनिटाला प्रतिसाद का नाहीसा होतो

या प्रश्नाचे सगळ्यात साधे उत्तर पार्श्वभूमीत दडलेले असते. समजा पाचव्या मिनिटाला निवडलेल्या भागातून फ्रेममागे खरा प्रकाश ९०० एकक आहे आणि पार्श्वभूमी १००. कॅल्शियममुळे खरा प्रकाश १० टक्के वाढला तर एकूण १००० चे १०९० होतात, म्हणजे ९ टक्के. पंधराव्या मिनिटाला खरा प्रकाश १०० वर आलेला असतो, पार्श्वभूमी तीच १००. तोच १० टक्के प्रतिसाद आता २०० चे २१० करतो. म्हणजे ५ टक्के, आणि तोही कितीतरी जास्त नॉइजमध्ये. पेशींनी अगदी तोच प्रतिसाद दिला होता. भागाकार चुकला.

त्यामुळे आधी बायस (प्रकाश नसतानाही कॅमेरा दाखवतो तो ठरावीक आकडा) आणि पार्श्वभूमी वजा करा, भागाकार नंतर. पार्श्वभूमी म्हणून चित्राच्या कोपऱ्यातला काळा भाग घेऊ नका. सब्स्ट्रेट न दिलेल्या त्याच प्राण्याचा तोच भाग घ्या. सब्स्ट्रेटचा स्वतःचा उजेड वेगळा वजा करावा लागतो, त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरे कारण निखळ फोटॉनसंख्येचे आहे. फोटॉन एन असतील तर त्यांचा स्वाभाविक चढउतार एनच्या वर्गमुळाइतका असतो. ईएमसीसीडीच्या गुणन प्रक्रियेत तो आणखी सुमारे १.४ पट वाढतो. ५ टक्के बदल तीन सिग्माने ओळखायचा असेल तर सुमारे ७२०० फोटोइलेक्ट्रॉन हवेत. निवडलेल्या भागातून सेकंदाला ३०० येत असतील आणि फ्रेम १०० मिलिसेकंदांची असेल तर फ्रेममागे ३० मिळतात. म्हणजे २४० चाचण्यांची सरासरी काढावी लागेल. उजेड २० मिनिटे टिकतो आणि दर १० सेकंदांनी एक चाचणी होते असे धरले तर हातात १२० चाचण्या येतात. हे गणित प्रयोगाआधी मांडले असते तर एक्स्पोजर ३०० मिलिसेकंद ठेवला असता किंवा भाग मोठा घेतला असता. बिनिंग ४×४ किंवा ८×८ करायला संकोचू नका. कवटीखालून येणारा प्रकाश विखुरलेलाच असतो, तिथे बारीक पिक्सेलने तपशील वाढत नाही.

फारच कमी उजेड असेल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलवर प्रत्येक फ्रेममध्ये ०.१ पेक्षा कमी फोटॉन पडत असतील, तर फोटॉन मोजणीची पद्धत वापरा. वाचन-नॉइजच्या पाचपट उंबरठा लावून त्यावरचे ते एक आणि खालचे ते शून्य धरले की तो १.४ चा गुणक निघून जातो. मात्र उजेड वाढला की एका पिक्सेलवर दोन फोटॉन पडून एकच मोजला जातो. इंजेक्शननंतरच्या पहिल्या तेजस्वी मिनिटांत नेमके हेच होते आणि शिखर खोटे सपाट दिसते.

सब्स्ट्रेटची कुपी

सीलेंटराझीन हा यातला नेहमीचा सब्स्ट्रेट हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप बिघडतो. कोरडी पूड आर्गॉनखाली, उणे ८० अंशांवर, अंधारात ठेवायची. द्रावण किंचित आम्लयुक्त इथेनॉल किंवा मिथेनॉलमध्ये करायचे. डीएमएसओमध्ये ते टिकत नाही, आणि तरीही सवयीने त्यातच साठा करणारे पुष्कळ जण आहेत. कुपी उणे ८० वरून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरते. एका इंजेक्शनला पुरेल एवढ्या छोट्या कुप्या आधीच करून ठेवल्या तर पुन्हापुन्हा गोठवण्या-वितळवण्याचा प्रश्नच येत नाही.

कुपी चांगली आहे की नाही हे दोन मिनिटांत कळते. मूळ सीलेंटराझीनचा मिथेनॉलमधील शोषण गुणांक ४३५ नॅनोमीटरवर ९८०० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर आहे. ५० मायक्रोमोलरचे द्रावण करून एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये वाचन ०.४९ च्या आसपास यायला हवे. ०.४० च्या खाली आले तर ती कुपी प्राण्यात जाऊ देऊ नये. बिघडताना पिवळा रंग फिका होत जातो आणि शोषण अतिनील बाजूला सरकते, म्हणून नुसत्या डोळ्यांनाही अंदाज येतो. हा गुणांक फक्त मूळ रेणूचा आहे. एच, एफ, एन अशा उपप्रकारांना किंवा फ्युरिमाझीन या दुसऱ्या सब्स्ट्रेटला तो लावू नका, त्यांच्यासाठी त्यांचाच आकडा घ्या.

मात्रेचा हिशोब: २५ ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ४ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, सुमारे ०.२४ मायक्रोमोल. हे १०० मायक्रोलिटरमध्ये शेपटीच्या शिरेतून देता येते. त्या १०० मायक्रोलिटरमध्ये किती मद्यार्क जातो याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष नसते. २० मायक्रोलिटर इथेनॉल म्हणजे सुमारे १६ मिलिग्रॅम, २५ ग्रॅमच्या प्राण्यासाठी किलोमागे ०.६ ग्रॅमपेक्षा जास्त. एवढ्याने मेंदूची क्रिया बदलू शकते, आणि आपण तर मेंदूच मोजायला बसलो आहोत. हायड्रॉक्सिप्रोपिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन वापरले की मद्यार्क बराच कमी करता येतो. पाण्यात मिसळल्यावर द्रावण गढूळ दिसले तर ते टोचू नका. कण तळाशी बसवून वरचा निवळ भाग ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून घ्या आणि शोषण परत मोजा, कारण गाळणीत बराच माल अडकलेला असतो. पातळ केलेले द्रावण बर्फावर, अंधारात ठेवून अर्ध्या तासाच्या आत वापरावे.

मेंदूसाठी आणखी एक अडसर आहे. सीलेंटराझीनला पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप ओळखतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून परत बाहेर फेकतो. फ्युरिमाझीन पाण्यात नीट विरघळत नाही आणि मेंदूतही कमीच पोचते. फ्युरिमाझीनवर चालणाऱ्या नॅनोलक या ल्युसिफरेजवर (प्रकाश निर्माण करणाऱ्या विकरावर) आधारलेल्या प्रथिनांसाठी म्हणूनच आधी हायड्रोफ्युरिमाझीन व फ्लुओरोफ्युरिमाझीन आणि पुढे खास मेंदूसाठी सेफालोफ्युरिमाझीन तयार झाले. शरीरात यकृतावर झकास चालणारा सब्स्ट्रेट मेंदूत मंद पडला तर प्रथिनाला बोल लावण्याआधी हे आठवावे. काचेच्या खिडकीला बाजूने बारीक नळी ठेवून थेट मेंदूच्या पृष्ठभागावर सब्स्ट्रेट सोडणे हा पर्याय आहे. तेव्हा प्रवाह मिनिटाला ०.५ ते १ मायक्रोलिटरच्या पुढे नेऊ नका, द्रवाच्या दाबानेही पेशी प्रतिसाद देतात.

उतरता आलेख

शिरेत एकदम दिलेले सीलेंटराझीन रक्तातून झपाट्याने निघून जाते. उजेड पहिल्या एक-दोन मिनिटांत शिखर गाठतो आणि मग घसरतो. अर्धायुष्य २ मिनिटे असेल तर १० सेकंदांच्या एका चाचणीत बेसलाइन सुमारे ५.६ टक्के खाली येते, ८ मिनिटे असेल तर १.४ टक्के. आपला प्रतिसाद ३ टक्क्यांचा असेल तर पहिल्या स्थितीत तो उतारात बुडतो आणि त्यामागे एक खोटा खड्डा तयार होतो. शिखराकडे चढत असताना चाचणी घेतली तर उलट, काही नसताना प्रतिसाद दिसतो.

शक्य असेल तिथे एकच मोठा डोस देण्याऐवजी छोटा डोस आणि मागोमाग सिरिंज पंपाने संथ धार द्या. २५ ग्रॅमच्या उंदराला तासाला १०० मायक्रोलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १.७ मायक्रोलिटर ही मर्यादा पाळली तर द्रवाचा भार वाढत नाही. उजेड ५ ते १० मिनिटांत सपाट होतो आणि मगच चाचण्या सुरू करायच्या. सिरिंजमधला सब्स्ट्रेटही बिघडत असतो, म्हणून सिरिंज फॉइलमध्ये गुंडाळा आणि ४० मिनिटांनी बदला. नळीच्या प्लास्टिकला हे रेणू चिकटतात. पहिली भरलेली नळी काही मिनिटे तशीच ठेवून आतला द्रव टाकून द्यावा आणि ताजा भरावा.

पोटात टोचले तर चढ आणि उतार दोन्ही संथ मिळतात. पण दर वेळी सुई नेमकी कुठे गेली यावर वक्र बदलतो, आणि आतड्यात गेली तर उजेडच येत नाही. एकाच प्राण्यात दिवसागणिक तुलना करायची असेल तर शिरेचा मार्ग बरा.

आलेख सपाट करण्यासाठी घातांकी वक्र बसवताना उत्तेजनेनंतरचे १० सेकंद त्या जुळणीतून वगळा. दोन घातांकांपेक्षा लवचीक वक्र घेऊ नका. खूप लवचीक वक्र प्रतिसादच गिळतो आणि कडेला खोटे लाटांचे आकार सोडतो. चाचण्यांमधले अंतर १५ ते २५ सेकंदांत यादृच्छिक ठेवा आणि तेवढ्याच संख्येने बनावट चाचण्या घाला, ज्यांत घड्याळाला उत्तेजनेची खूण पडते पण झोत सुटत नाही. त्यांवरही तंतोतंत तीच प्रक्रिया चालवा. बनावट चाचण्यांच्या सरासरीत उंचवटा आला तर तो गणिताने घातलेला आहे.

रिपोर्टर नसलेल्या प्राण्यातही उजेड

सीलेंटराझीनला चमकायला ल्युसिफरेजच लागते असे नाही. रक्तातील अल्ब्युमिनच्या संपर्कात ते मंद चमकते, सुपरऑक्साइडशी तर विशेष. शस्त्रक्रियेनंतर सुजलेल्या कडांवर दिसणारे सुंदर वलय बहुधा याचेच असते. खिडकी बसवल्यावर दोन ते तीन आठवडे थांबण्याचे हे एक कारण आहे. विषाणू न टोचलेला, पण शस्त्रक्रिया झालेला प्राणी घ्या, तीच मात्रा द्या आणि मिनिटागणिक वक्र नोंदवा. हीच ती दुसरी वजाबाकी. काही जण शस्त्रक्रियाही न झालेला प्राणी नियंत्रण म्हणून वापरतात. त्याने सूज मोजली जात नाही, त्यामुळे ते नियंत्रण अपुरे आहे.

शरीराचे चित्रण करत असाल तर काळ्या सी५७ जातीच्या उंदरांत केस काढणे पुरेसे नसते. केस वाढीच्या टप्प्यात आले की कातडीच काळसर होते, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेली चित्रे तुलनेची राहत नाहीत.

खड्डा कुठून येतो: रक्त आणि ऑक्सिजन

सगळ्यात जास्त लेख आणि सगळ्यात जास्त प्रबंध इथे अडखळू शकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मेंदूचा एखादा भाग सक्रिय झाला की साधारण सेकंदाभरात तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावू लागतात आणि ३ ते ५ सेकंदांत रक्ताचे प्रमाण शिखराला पोचते. हिमोग्लोबिन ६०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश जोरात शोषते. जेलीफिशमधील इक्वोरिनचा निळा प्रकाश ४७० नॅनोमीटरच्या आसपास, नॅनोलकचा ४६०, नॅनोलकवर आधारलेल्या जीईएनएल या प्रथिनाचा हिरवा ५२० च्या आसपास. सगळेच या टापूत येतात. रक्त वाढले की उजेड घटतो. त्याच वेळी वाढलेले रक्त ऑक्सिजन आणि ताजा सब्स्ट्रेट घेऊन येते, आणि त्याने उजेड वाढतो. या दोन विरुद्ध परिणामांचा तोल प्राण्यागणिक आणि दिवसागणिक बदलतो. काल उंचवटा आणि आज खड्डा, याचे उत्तर बहुधा इथे सापडते.

ऑक्सिजनचा परिणाम किती खरा आहे याला पुरावा आहे. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या कामात, कॅल्शियमला न जुमानणारे जीईएनएल अॅस्ट्रोसाइट या मेंदूतील आधारपेशींमध्ये घालून उंदराच्या मेंदूच्या सालीतील ऑक्सिजनचे चढउतार आणि अल्पकाळ ऑक्सिजन तुटलेले छोटे कप्पे टिपले गेले. म्हणजे ज्या प्रथिनाच्या पाठीवर आपण कॅल्शियमचा सेन्सर बसवतो, तेच प्रथिन ऑक्सिजनचा सेन्सर म्हणूनही काम करते.

वेळेवरून पहिला निवाडा होतो. कॅल्शियमचा चढ उत्तेजनेनंतर १०० मिलिसेकंदांच्या आसपास सुरू व्हायला हवा, सेन्सरच्या गतीनुसार थोडा मागे-पुढे. बदल सेकंदाने सुरू होऊन ४ सेकंदांवर टोकाला जात असेल तर ते रक्त आहे. १ सेकंदाच्या फ्रेम घेऊन हा फरक कळणार नाही. म्हणून निदान एक सत्र २०० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये, मोठा भाग निवडून, फक्त वेळ पाहण्यासाठी करा.

दुसरी चाचणी भुलीच्या वायूची. उंदीर शुद्ध ऑक्सिजनवर असेल तर २ मिनिटांसाठी हवेवर आणा आणि परत न्या. बेसलाइन ठळकपणे हलली तर तुमचा उजेड ऑक्सिजनने मर्यादित आहे. एक दिवस ऑक्सिजन वाहक आणि दुसऱ्या दिवशी हवा, असे नकळत घडत असेल तर दोन दिवसांची तुलना सोडून द्यावी लागेल. वाहक वायू, प्रवाह आणि आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाची टक्केवारी प्रत्येक सत्रात लिहून ठेवा. आयसोफ्लुरेन १.५ टक्क्यांवर सालीतील प्रतिसाद मुळातच दबतो. जागा, डोके स्थिर केलेला आणि चौकटीला सरावलेला उंदीर यात सगळ्यात चांगला. शरीराचे तापमान ३७ अंशांवर धरून ठेवा, कारण ल्युसिफरेज हे विकर आहे आणि भुलीत गार पडलेल्या प्राण्यात ते मंदावते.

तिसरी, निर्णायक चाचणी म्हणजे कॅल्शियमला आंधळे केलेले प्रथिन. कॅलमोड्युलिन या कॅल्शियम बांधणाऱ्या प्रथिनावर आधारलेल्या सेन्सरमध्ये चारही ईएफ-हँड फासांतील (कॅल्शियम धरणाऱ्या भागांतील) पहिले अॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल बदलून अॅलनीन करतात. कॅलमोड्युलिनच्या मूळ क्रमांकाने ही स्थाने २०, ५६, ९३ आणि १२९ आहेत. असे प्रथिन कॅल्शियम धरत नाही, पण सब्स्ट्रेट, ऑक्सिजन आणि रक्त या सगळ्यांना तसाच प्रतिसाद देते. त्याच प्रवर्तकाखाली, त्याच विषाणूप्रकारात, तेवढ्याच मात्रेत ते दुसऱ्या गटाच्या प्राण्यांना द्या. त्यांच्या सरासरीत जे दिसेल ते कॅल्शियमेतर. एक खबरदारी घ्या: हे प्रथिन कायम मंद अवस्थेत अडकलेले असते, त्यामुळे त्याचा आलेख जास्त खरखरीत येतो आणि ‘काही नाही’ हा निष्कर्ष सहज निघतो. म्हणून फोटॉनसंख्या खऱ्या सेन्सरइतकी होईल एवढ्या चाचण्या घ्या, किंवा जोडीला सेन्सरचा भाग नसलेले मूळ तेजस्वी प्रथिन तिसऱ्या गटात वापरा.

कॅलफ्लक्स-व्हीटीएनसारखे दोन रंगांच्या गुणोत्तरावर चालणारे सेन्सर यातून मोठी सुटका देतात. सब्स्ट्रेट आणि ऑक्सिजन दोन्ही रंगांना सारखे लागू होतात आणि भागाकारात निघून जातात. रक्त मात्र निघत नाही. ४६० नॅनोमीटरचा प्रकाश ५२५ पेक्षा जास्त शोषला आणि विखुरला जातो, त्यामुळे रक्त वाढले की गुणोत्तर कॅल्शियम वाढल्यासारखेच सरकते. संवर्धित पेशींत काढलेला अंशशोधन वक्र खोल ऊतीतल्या आकड्यांना लावून नॅनोमोलरमध्ये कॅल्शियम सांगणे म्हणूनच चूक आहे. गुणोत्तरातला बदल सांगा, तोही आंधळ्या प्रथिनाच्या जोडीने.

लालसर प्रकाशाकडे जाणे हा दुसरा उपाय. नॅनोलक आणि नारिंगी प्रतिदीप्त प्रथिनांच्या जोडीवर उभ्या असलेल्या ऑरेंज कॅम्बीचा बराच प्रकाश रक्ताच्या शोषणाच्या उतारापलीकडे पडतो, म्हणून यकृतासारख्या खोल अवयवात तो उपयोगी ठरतो. ६०० नॅनोमीटरच्या वरचे जाऊ देणारी गाळणी लावली तर एकूण उजेड घटतो, पण रक्ताचा हस्तक्षेप त्याहून जास्त घटतो. दोन्ही प्रकारे मोजून बघा. खड्डा गाळणीने उथळ झाला तर तो रक्ताचाच होता.

इक्वोरिन वापरत असाल तर

इक्वोरिनचे वागणे निराळे आहे, आणि नॅनोलकच्या सवयी इथे चालत नाहीत. १९६२ मध्ये शिमोमुरा, जॉन्सन आणि सायगा यांनी जेलीफिशमधून वेगळे केलेले हे प्रथिन सीलेंटराझीन आणि ऑक्सिजन आधीच स्वतःत बांधून तयार बसते. कॅल्शियम आले की एकदाच चमकते आणि खर्ची पडते. परत भरायला तास लागतात. त्यामुळे सब्स्ट्रेट देऊन लगेच मोजायला बसू नका. माशीच्या मेंदूत ५ मायक्रोमोलर सीलेंटराझीनमध्ये काही तास, झेब्राफिशच्या पिल्लांत रात्रभर किंवा अधिक भिजवणे लागते.

पहिला प्रतिसाद मोठा, दुसरा लहान, तिसरा नगण्य असे दिसले तर पेशी थकल्या असे लिहू नका. साठा संपला आहे. उपाय म्हणजे प्रत्येक क्षणाचा उजेड त्या क्षणी शिल्लक असलेल्या साठ्याने भागणे. शिल्लक साठा कळण्यासाठी शेवटी डिजिटोनिन किंवा ट्रायटन (पेशीपटल फोडणारी रसायने) आणि १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड देऊन उरलेला सगळा प्रकाश काढून मोजावा लागतो. बाहेर काढलेल्या मेंदूत हे जमते. अखंड उंदरात जमत नाही, म्हणून तिथे उत्तेजनांची संख्या कमी ठेवा आणि क्रम प्राण्यागणिक बदला.

कॅल्शियमला इक्वोरिनचा प्रतिसाद सुमारे अडीचाव्या घाताने वाढतो. याचा अर्थ एखाद्या कोपऱ्यात कॅल्शियम फार चढले तर तोच कोपरा सगळ्या चित्रावर राज्य करतो. इजा झालेल्या थोड्या पेशी शेजारच्या हजार निरोगी पेशींना झाकून टाकतात. सुईच्या वाटेवर सतत जळणारा ठिपका दिसला तर तो भाग हिशोबातून काढा.

प्रथिनच जास्त झाले असेल तर

वर सगळे जमले तरी प्रतिसाद लहान आणि लांबट येत असेल तेव्हाच विषाणूकडे वळा. विषाणू टोचल्यावर तीन आठवड्यांनी काप काढून बघा. प्रथिन केंद्रकातही भरलेले दिसले तर ते जास्त झाले आहे. कॅल्शियम बांधणारे प्रथिन भरमसाट झाले की ते स्वतःच कॅल्शियम शोषून धरते, मग शिखरे बुटकी होतात आणि शेपट्या लांबतात. विषाणू चार पट आणि दहा पट पातळ करून दोन गट करा. उजेड कमी झाला तरी टक्केवारीतला प्रतिसाद वाढला, तर पातळ मात्राच ठेवा. सेन्सरची कॅल्शियमशी ओढही तपासा. विश्रांतीत पेशीद्रवात कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते. त्याच्या जवळपास अर्धा भरणारा सेन्सर निम्मा आधीच पेटलेला असतो, तर ४८० नॅनोमोलरच्या आसपासचा सेन्सर मोठ्या चढांसाठी जागा राखतो, पण विश्रांतीत अंधुक दिसतो. त्या अंधुकपणाला घाबरून मात्रा वाढवली की आपण पुन्हा पहिल्या चुकीकडे येतो.

एकाच प्राण्यात, एकाच बैठकीत हा क्रम ठेवा: सब्स्ट्रेटशिवाय पाच मिनिटे उत्तेजनेसह, धार सुरू करून उजेड सपाट होईपर्यंत वाट, खऱ्या आणि बनावट चाचण्या मिसळून वीस मिनिटे, मध्येच दोन मिनिटे वायूबदल, आणि शेवटी सब्स्ट्रेटची धार चालू असतानाच कॅमेऱ्याला ६०० नॅनोमीटरवरची प्रकाश-गाळणी लावून दहा मिनिटे. वायूबदलाच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या तीन मिनिटांतल्या चाचण्या सरासरीत घेऊ नका.